जखमेची टक्केवारी: भारतीय सैन्यातील अपंगत्व निवृत्तिवेतनाचा इतिहास

सैनिकाच्या शरीराला झालेल्या हानीचे मोल राज्यसत्तेने ठरवावे आणि ते आकड्यांत मांडावे, ही कल्पना महाराष्ट्राला परकी नव्हती. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत पुढील नोंद सापडते: अफझलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजी महाराजांनी जखमी झालेल्या लोकांना जखमेच्या मानाने दोनशेपासून पंचवीस होनांपर्यंत रक्कम दिली, पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले आणि ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालू केले. पेशवाईच्या दप्तरांतही लढाईत कामी आलेल्यांच्या मुलांसाठी लावून दिलेल्या बालपरवेशीच्या नेमणुका आढळतात. या दोन्ही व्यवस्थांत जखम कोठे झाली याविषयी शंकेला जागा नव्हती, कारण ती चारचौघांच्या देखत रणांगणावर झालेली असे, आणि म्हणून द्यायचे किती एवढेच ठरवायचे उरत असे. आधुनिक खड्या सैन्यात माणसे गोळीपेक्षा आजाराने अधिक निकामी होऊ लागली, तेव्हा आजार सेवेमुळे झाला की नाही आणि ते सिद्ध कोणी करायचे, हा निराळाच प्रश्न पुढे आला. भारतातील अपंगत्व निवृत्तिवेतनाचा इतिहास मुख्यतः याच प्रश्नाभोवती घडला असून टक्केवारीचे वाद त्याच्या पोटात येतात.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हा प्रश्न अद्याप उभा राहिला नव्हता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनीने बंगाल सैन्यातील निकामी शिपायांना भागलपूरच्या परिसरात जंगलाच्या कडेने जमिनी देऊन वसवले आणि या वसाहतींना 'इनव्हॅलिड ठाणी' असे नाव पडले. त्यात उपकाराइतकाच हिशेबही होता, कारण पडीक जमीन लागवडीखाली येत असे, डोंगरातील पहाडिया लोकांवर वचक राहत असे आणि नव्या भरतीसाठी कंपनीच्या नेकीची साक्ष गावोगाव फिरत असे. वयाने थकलेला, आजाराने खंगलेला आणि लढाईत लुळा झालेला शिपाई या व्यवस्थेत एकाच वर्गात मोडे. त्याच्या हानीचे मोजमाप होत नव्हते, केवळ तो कवायतीस उभा राहू शकतो की नाही एवढेच पाहिले जाई.

मोजमाप आले ते पहिल्या महायुद्धात. ब्रिटनमध्ये 1917 च्या शाही सनदेने हानीची टक्केवारी निश्चित केली. दोन अवयव गमावले तर 100 टक्के, हाताची दोन बोटे गमावली तर 20 टक्के, अशी उतरती श्रेणी लागली. टक्केवारी ठरवताना सैनिकाची तुलना त्याच वयाच्या निरोगी माणसाशी केली जाई, त्याचा नागरी व्यवसाय विचारात घेतला जात नसे, त्यामुळे बोटे गमावलेला घड्याळजी आणि बोटे गमावलेला हमाल यांना आकडा एकच मिळे. याच काळात निवृत्तिवेतनाच्या कायद्यात एक जोडअट रुजली: अपंगत्व लष्करी सेवेतून उद्भवलेले असावे, किंवा आधीपासून असल्यास सेवेने बळावलेले असावे. भारतातील बहुतेक वाद अजूनही या जोडअटीच्या दोन टोकांवर चालतात.

त्याच 1917 साली मुंबईच्या गव्हर्नरची पत्नी लेडी विलिंग्डन हिच्या पुढाकाराने अपंग भारतीय सैनिकांना हातकाम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल संस्था मुंबईत स्थापन झाली आणि पुढे ती पुण्याजवळ खडकी येथे आली. दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, पुण्यातच कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले आणि 1974 मध्ये खडकीला पाठीच्या कण्याच्या इजेने लुळ्या झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झाले. युद्धात अवयव गमावलेल्या सैनिकाच्या उपचारांचे देशातील एक प्रमुख ठिकाण अशा रीतीने पुणे बनले. तुटलेल्या पायाला पाय मिळण्याची सोय मात्र त्या पायाबद्दलच्या हक्काच्या निर्णयापेक्षा कितीतरी आधी आणि बिनबोभाट झाली, हे नोंदवण्यासारखे आहे.

पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर, या बाबतीत निर्णायक वळण 1943 साली ब्रिटनमध्ये आले. तोवर दावेदार सैनिकालाच आपला आजार सेवेमुळे झाल्याचे दाखवून द्यावे लागे. लोकमताच्या दबावाखाली सरकारने ते ओझे सैनिकावरून उतरवले, वाजवी शंकेचा फायदा त्याला देण्याचे तत्त्व स्वीकारले आणि अपिलांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमणारा कायदा केला. लॉर्ड डेनिंग या नावाने पुढे ख्यातनाम झालेल्या न्यायाधीशांनी याच प्रकारच्या अपिलांत, विशेषतः 1947 च्या मिलर खटल्यात, वाजवी शंका म्हणजे काय याचे विवेचन केले. फौजदारी कायद्याचे विद्यार्थी तो निकाल आजही वाचतात, मात्र तो मुळात एका सैनिकाच्या विधवेच्या निवृत्तिवेतनाचा दावा होता आणि ती तो हरली, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

स्वतंत्र भारताने हे तत्त्व कागदावर जवळजवळ जसेच्या तसे घेतले. 1961 च्या सैन्य निवृत्तिवेतन विनियमांतील 173 व्या कलमानुसार, सेवाजन्य किंवा सेवेने बळावलेल्या अपंगत्वामुळे सेवेतून काढलेल्या आणि 20 टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व ठरलेल्या सैनिकाला दोन भागांचे निवृत्तिवेतन मिळू शके. त्यातील सेवाघटक नोकरीच्या कालावधीशी आणि अपंगत्वघटक टक्केवारीशी निगडित असे. याला पूरक म्हणून 1982 मध्ये आलेले हक्कनिर्णयाचे नियम या विषयाचा कणा ठरले. भरतीच्या वेळी नोंदलेला दोष वगळता सैनिक शरीराने व मनाने धडधाकट होता असे गृहीत धरावे, वैद्यकीय कारणावरून त्याला सेवेतून काढल्यास प्रकृतीतील बिघाड सेवेमुळे झाला असे मानावे, हक्काच्या अटी सिद्ध करण्यास दावेदाराला सांगू नये आणि शंकेचा फायदा त्यालाच द्यावा, असे त्यांतील पाचवा व नववा हे नियम सांगत. चौदाव्या नियमाने याला एक अपवाद ठेवला होता: आजार भरतीच्या तपासणीत सापडणे शक्यच नव्हते असे वैद्यकीय मत असेल, तर तो सेवाजन्य मानू नये. मात्र त्या मतामागची कारणे लिहून देणे बंधनकारक होते, आणि तीन दशके नेमक्या याच अटीकडे दुर्लक्ष होत राहिले.

प्रत्यक्ष व्यवहार असा होता. सैनिकाची प्रकृती मनोवस्था, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाच अंगांनी तपासून त्याला 'शेप' या नावाची श्रेणी दिली जाते. श्रेणी घसरली आणि त्याच्याजोगे हलके काम उपलब्ध नसले, तर त्याला वैद्यकीय मंडळापुढे उभे करून मुदतीपूर्वी काढले जाते, आणि मुदत पुरी करून निघणाऱ्याचेही निवृत्तीपूर्वी मंडळ बसते. फौजी भाषेत पहिल्याला 'बोर्ड आऊट' झाला असे म्हणतात. मंडळ अपंगत्वाची टक्केवारी लिहिते आणि ते सेवाजन्य आहे की नाही याचा शेरा मारते. अपस्मार, स्किझोफ्रेनिया, उच्च रक्तदाब, मधुमेह असे आजार आले की शरीरप्रकृतीचा दोष असल्याचे ठरीव वाक्य लिहून, सेवेशी संबंध नाही हे सांगणारी एन.ए.एन.ए. ही आद्याक्षरे टाकली जात. त्यातूनही मंडळाने सैनिकाच्या बाजूने मत दिले, तर अलाहाबादच्या संरक्षण लेखा नियंत्रक कार्यालयाशी जोडलेला वैद्यकीय सल्लागार रुग्णाला न पाहता, निव्वळ कागद वाचून, ते मत फिरवू शके. 1993 मध्ये मोहिंदर सिंग नावाच्या एका माजी सॅपरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, वरिष्ठ मंडळाकडून फेरतपासणी केल्याशिवाय मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला मंडळाचे मत डावलता येणार नाही, असे ठरवले. रुग्णाला डोळ्यांनी पाहिलेल्या डॉक्टरांचे मत कागद पाहिलेल्या डॉक्टरपेक्षा वरचढ असावे, एवढी साधी गोष्ट सांगण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची गरज पडली.

1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्याचे 47 वे कलम सेवेत असताना अपंग झालेल्या कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढण्यास मनाई करत होते. 2002 च्या अधिसूचनेने सशस्त्र दलांतील लढाऊ व्यक्तींना त्यातून वगळण्यात आले. लढणाऱ्या दलाला सुदृढ माणसे लागतात हा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. परंतु नागरी कर्मचाऱ्याला मिळणारे संरक्षण सैनिकाला नाकारल्यावर त्याच्या निवृत्तिवेतनाचा अर्थ अधिक सढळपणे लावण्याची जबाबदारी सरकारवर येते, आणि ती पुढच्या दशकभरात सरकारने सहसा स्वीकारली नाही.

आर्थिक बाजूने मोठा बदल पाचव्या वेतन आयोगानंतर 31 जानेवारी 2001 च्या पत्राने झाला. एका डॉक्टरच्या मते 30 टक्के असलेले अपंगत्व दुसऱ्याला 40 टक्के वाटते, हा भेद मिटवण्यासाठी टक्केवारीचे गट पाडण्यात आले: 50 पेक्षा कमी अपंगत्व 50, त्यापुढचे 75 पर्यंतचे 75 आणि 75 च्या वरचे 100 टक्के धरायचे. हा लाभ 1 जानेवारी 1996 पासून लागू झाला, परंतु केवळ 'बोर्ड आऊट' झालेल्यांना. आठवडाभरात निघालेल्या दुसऱ्या पत्राने मंडळाची टक्केवारी आजन्म अंतिम मानली, त्यामुळे दर काही वर्षांनी फेरतपासणीसाठी इस्पितळाच्या वाऱ्या करण्याची कटकट थांबली. 2006 पासून 100 टक्के अपंगत्वासाठी अपंगत्वघटक अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के झाला. त्या हिशेबाने 20 टक्क्यांना वेतनाच्या 6 टक्के रक्कम मिळते आणि तेच अपंगत्व गटात 50 धरले तर 15 टक्के, म्हणजे अडीच पट. मुदत पुरी करून निघालेल्या सैनिकाला हा फरक का नाकारावा, याचे उत्तर सरकारी पत्रांत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये कॅप्टन बट्टर यांच्या प्रकरणात एका अधिकाऱ्यापुरते आणि 10 डिसेंबर 2014 रोजी राम अवतार खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने सर्वांसाठी तो भेद काढून टाकला.

आजाराच्या कारणाविषयीचा पायाभूत निकाल त्याआधीच आला होता. सिग्नल्स दलात 1985 मध्ये भरती झालेल्या धरमवीर सिंग या शिपायाला अपस्माराच्या झटक्यांमुळे 1994 मध्ये काढण्यात आले. अपंगत्व 20 टक्के, शेरा शरीरप्रकृतीच्या दोषाचा आणि निवृत्तिवेतन शून्य. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशाने त्याला न्याय दिला, खंडपीठाने तो काढून घेतला आणि 2 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो परत दिला. निकालाचे बळ कोणत्याही नव्या तत्त्वात नव्हते. 1982 च्या नियमांत जे लिहिले होते ते क्रमाने वाचून दाखवणे, भरतीच्या कागदावर आजाराची नोंद नाही आणि मंडळाने कारणे दिलेली नाहीत हे दाखवणे, एवढेच न्यायालयाने केले. पुढच्या वर्षी सुखविंदर सिंग खटल्यात, आजारामुळे सेवेतून काढले असेल तर अपंगत्व 20 टक्क्यांहून अधिकच मानावे, असे ठरले, कारण माणूस नोकरीस नालायक आहे पण त्याचे अपंगत्व नगण्य आहे, या दोन विधानांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. 2015 मध्ये राजबीर सिंग खटल्यात सरकारची अपिले एकगठ्ठा फेटाळली गेली. या ओघाला बांधही पडला: 2019 च्या नरसिंग यादव निकालाने मानसिक आजार भरतीच्या वेळी लपून राहू शकतो हे मान्य करून दावा नाकारला. तपासणीची मर्यादा म्हणून तो युक्तिवाद खोटा नाही, तरी निद्रानाश, एकाकीपणा आणि सततचा ताण यांत वर्षे काढलेल्या जवानाच्या बाबतीत तो सरसकट लावणे धोक्याचे आहे.

हे खटले एवढ्या संख्येने वर पोचले, याचे श्रेय 2007 च्या कायद्याने स्थापन होऊन ऑगस्ट 2009 मध्ये सुरू झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाला जाते. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यातील सैनिकांसाठी त्याचे पीठ मुंबईत आहे. मात्र सैनिक जिंकला की संरक्षण मंत्रालय अपील करी, आणि खेड्यातल्या निवृत्त शिपायाला दिल्लीत वकील द्यावा लागे. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने या अपिलांवर कठोर टीका करून ती मागे घेण्याची शिफारस केली. त्यानंतर सातव्या वेतन आयोगाने वेतनाच्या टक्केवारीऐवजी ठरावीक रकमा सुचवल्या, अधिकाऱ्यांना 27,000, कनिष्ठ नियुक्त अधिकाऱ्यांना 17,000 आणि इतरांना 12,000 रुपये. सैन्यदलांच्या विरोधानंतर 2017 मध्ये वेतनाशी जोडलेली पद्धतच कायम राहिली.

नियमांचा कल मात्र त्याच काळात उलट दिशेला झुकत होता. 2008 च्या नियमांनी सेवानिवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी केलेल्या दाव्यात पुराव्याचे ओझे पुन्हा सैनिकावर टाकले. निवृत्त होणाऱ्यांत जीवनशैलीच्या आजारांचे प्रमाण मोठे असल्याचे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालाने दाखवल्यावर 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू झाले. गैरवापर रोखणे हा त्यांचा उद्देश सरकारने सांगितला, तर माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यांना विरोध केला. लेखापरीक्षणाचा आक्षेप विचारात घेण्याजोगा होता, परंतु मंडळांनी प्रत्येक प्रकरणात कारणे लिहिली असती तर खरा दावा आणि खोटा दावा वेगळा करण्यास 1982 चे नियमच पुरेसे होते. सप्टेंबर 2023 पूर्वी सेवेतून बाहेर पडलेल्यांचे हक्क त्या त्या काळच्या नियमांनी तोलले जातात, आणि न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये परशोतम दास खटल्यात मोकळा केल्याने, मुंबई पीठापुढे हरलेल्या सैनिकाला थेट दिल्ली गाठावी लागत नाही.