कामकरी स्त्रियांची उन्हाळी शाळा

महाविद्यालयांत प्रवेश मागणाऱ्याला आधीं आपली विद्या दाखवावी लागते. कोणती परीक्षा दिली, किती गुण मिळाले, कोणत्या भाषा अवगत आहेत, हें सर्व विचारून झालें म्हणजे मग दार उघडतें. १९२१ सालीं अमेरिकेंतील ब्रिन मॉर या लहानशा स्त्री-महाविद्यालयानें उन्हाळी वर्गांसाठीं जे अर्ज मागविले, त्यांत मात्र निराळीच विचारपूस होती. अर्ज करणारी स्त्री कोणत्या कारखान्यांत काम करते? किती वर्षें करते? काम करतांना तिच्या स्वतःच्या हातांत हत्यार किंवा यंत्र असतें, कीं ती इतरांच्या कामावर देखरेख करते? देखरेख करणारीला प्रवेश नव्हता. शिक्षिका, कारकून, दुकानांत माल विकणारी, यांनाही नव्हता. वय वीस ते पस्तीसच्या दरम्यान असावें, कारखान्यांतील कांहीं वर्षांचा अनुभव असावा, इंग्रजी लिहितां-वाचतां यावें आणि प्राथमिक शाळेच्या पांच-सहा इयत्ता झालेल्या असाव्यात, एवढें पुरत असे. एरव्हीं ज्यांना कोणत्याही महाविद्यालयाच्या फाटकांतून आंत पाऊल टाकतां आलें नसतें, त्यांनाच येथें प्रवेशाचा अधिकार होता.

हें महाविद्यालय पेनसिल्व्हेनिया राज्यांत, फिलाडेल्फिया शहरापासून थोड्याच अंतरावर आहे. फिलाडेल्फिया हें नांव मराठी घरांना परकें नाहीं. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं त्याच नगरांत डॉक्टर झाल्या. त्याच्या आदल्याच वर्षीं, म्हणजे १८८५ सालीं, जोसेफ टेलर नांवाच्या एका क्वेकरपंथी धनिकाच्या मृत्युपत्रान्वयें ब्रिन मॉरची स्थापना झाली होती. पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन हे आरंभीचीं तीन वर्षें तेथें इतिहास शिकवीत होते. करड्या दगडाच्या, इंग्लंडांतील जुन्या विद्यापीठांच्या धर्तीवर बांधलेल्या इमारती, मध्यें हिरवळीचे विस्तीर्ण पट्टे, आणि संपन्न घरांतल्या कांहीं शें विद्यार्थिनी, असें त्याचें स्वरूप होतें. प्रवेशपरीक्षेच्या काठिण्याबद्दल त्याची ख्याति होती. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मात्र ह्या इमारती ओस पडत असत.

त्या रिकाम्या इमारतींचा उपयोग करण्याची कल्पना अध्यक्षा एम. केरी थॉमस यांची. थॉमसबाईंनीं स्वतः विद्येसाठीं पुष्कळ धडपड केली होती. जर्मनींतील विद्यापीठें स्त्रियांना पदवी देत नाहींत असें दिसल्यावर त्या स्वित्झर्लंडमध्यें गेल्या आणि १८८२ सालीं झूरिकची डॉक्टरेट त्यांनीं सर्वोच्च सन्मानासह मिळविली. पहिलें महायुद्ध संपल्यावर त्या प्रवासास निघाल्या. सहाराच्या वाळवंटांत एके दिवशीं सूर्यास्ताच्या सुमारास एका टेकडीवर बसल्या असतांना आपल्याला ही कल्पना सुचली, असें त्या पुढें सांगत असत. इंग्लंडांतील स्त्रियांना १९१८ सालीं मताधिकार मिळाला होता, अमेरिकेंतील स्त्रियांना तो मिळण्याच्या बेतांत होता. मग यानंतरचें पाऊल कोणतें, ह्या विचारांतून त्यांना कामकरी स्त्रियांची शाळा दिसली. वाळवंटाचा भाग कितीही काव्यमय असला, तरी कल्पनेला जमिनीवरचा आधार होता. इंग्लंडमध्यें १९०३ पासून कामगारांच्या शिक्षणासाठीं एक संघ कार्य करीत होता व त्याचे वर्ग थॉमसबाईंना ठाऊक होते.

थॉमसबाई उदार होत्या असें सरसकट म्हणतां येणार नाहीं. ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांविषयीं त्यांचीं मतें अत्यंत कोतीं होतीं. ज्या शाळेची त्यांनीं पायाभरणी केली, तिच्या पहिल्याच वर्षांपासून ज्यू मुली मोठ्या संख्येनें येऊं लागल्या, ही इतिहासाची एक गंमतच म्हटली पाहिजे.

कामगार-संघांच्या पुढारी स्त्रियांना ही कल्पना प्रथम ऐकून आनंद झाला नाहीं. रोज श्नायडरमन ही टोप्या शिवणारी कामगार स्त्री; तिनें संपांत आणि सभांत आयुष्य काढलें होतें. श्रीमंतांच्या महाविद्यालयांत नेऊन कामकरी मुलींना मवाळ बनविण्याचा हा बेत तर नव्हे, अशी शंका तिला व तिच्या सहकाऱ्यांना आली. शंका रास्त होती. परोपकाराच्या नांवाखालीं असे प्रकार पूर्वीं झालेले होते. तेव्हां शाळेचा कारभार एकट्या महाविद्यालयाच्या हातीं न ठेवतां कामगारांच्या प्रतिनिधींसह एका संयुक्त समितीकडे सोंपविण्यांत आला, आणि लौकरच त्या समितींत कामगारांच्या बाजूस बरोबरीच्या जागा मिळाल्या. विद्यार्थिनींपैकीं निम्म्या संघाच्या सभासद व निम्म्या संघाबाहेरच्या असाव्यात, असेंही ठरलें.

आतां प्रवेश घेणाऱ्या बाजूनें पाहूं गेल्यास हा अर्ज भरणें किती अवघड होतें हें ध्यानांत येईल. शाळा आठ आठवड्यांची. शिक्षण, राहणें व जेवण यांचा खर्च शिष्यवृत्तींतून भागत असे. त्यासाठीं महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थिनी, कामगार-संघ व इतर देणगीदार पैसा उभारीत. परंतु आठ आठवड्यांची बुडालेली मजुरी कोण देणार? आणि परत आल्यावर तीच जागा, तोच माग, तेंच शिवणयंत्र आपल्याला मिळेल, याची हमी कोण देणार? कित्येक मालकांना अशी रजा मान्य नव्हती. जी मुलगी घरीं पगार आणून देत होती, तिच्यामागें आईवडील, धाकटीं भावंडें असत. 'मुलींची मिळकत ही फक्त त्यांच्या हातखर्चासाठीं असते' असें त्या काळीं मालकवर्ग खुशाल म्हणत असे. त्याच विधानाचा पडताळा शाळेच्या अर्थशास्त्राच्या वर्गानें पुढें घेतला. माउंट होलियोक महाविद्यालयाच्या प्राध्यापिका एमी ह्यूज यांच्या मार्गदर्शनाखालीं विद्यार्थिनींनीं कामकरी स्त्रिया आपल्या कुटुंबाला किती आधार देतात याची पाहणी केली, आणि ती पाहणी १९२५ सालीं अमेरिकन सरकारच्या महिला-विभागानें पुस्तिकारूपानें छापली. ज्यांच्याविषयीं आजवर इतरांनीं लिहिलें, त्यांनीं स्वतःविषयींचे आंकडे स्वतः मांडले. शाळेच्या सर्व कामगिरींत ही लहानशी पुस्तिका विसरतां येण्यासारखी नाहीं.

अर्ज प्रथम गांवोगांवच्या स्थानिक समित्यांकडे जात. तेथें मुलाखत होई, प्रकृति तपासली जाई, आणि इंग्रजी कच्चें असेल तर रात्रीच्या वर्गांत थोडी तयारी करून घेतली जाई. दिवसभर कारखान्यांत उभें राहून संध्याकाळीं पुन्हां व्याकरण गिरवणें म्हणजे काय, हें ज्यानें केलें त्यालाच ठाऊक.

जून १९२१ मध्यें ऐंशींहून थोड्या अधिक स्त्रिया सामान घेऊन ब्रिन मॉरला उतरल्या. पुढें ही संख्या दर उन्हाळ्यांत शंभराच्या आसपास राहिली. कोणी कपडे शिवणारी, कोणी रेशमाच्या वा सुताच्या गिरणींत मागावर उभी राहणारी, कोणी टोप्यांच्या कारखान्यांतली. पुष्कळशा रशिया, पोलंड, इटली अशा देशांतून आलेल्या कुटुंबांतल्या. शाळेच्या संचालिका हिल्डा वर्दिंग्टन स्मिथ ह्या ब्रिन मॉरच्याच पदवीधर. १९३३ पर्यंत त्याच शाळेचा प्राण होत्या. पहिल्या दिवशीं कित्येकींना जी गोष्ट पुस्तकांहून अधिक नवलाची वाटली, ती म्हणजे राहावयास मिळालेली खोली. चार-पांच जणांच्या दाटीवाटींत वाढलेल्या मुलीला मेज, दिवा आणि लावून घेतां येईल असें दार लाभणें, ही केवढी चैन! सकाळीं वर्ग, दुपारीं शिक्षिकेबरोबर एकेकटीचा अभ्यास, मग पोहणें किंवा खेळ, आणि रात्रीं आकाश निरभ्र असेल तर दुर्बिणींतून तारे पाहणें. कारखान्याच्या शिट्टीवर चालणाऱ्या दिवसाशीं ह्या दिवसाचें कांहींच साम्य नव्हतें.

अर्थशास्त्र आणि इंग्रजी लेखन हे दोन विषय शाळेचा कणा. अर्थशास्त्राचा धडा पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरू होत नसे. उक्त्या कामाचा दर कोण ठरवितो, हंगाम संपला कीं काम कां सुटतें, हात चपळ झाल्याबरोबर दर कां उतरतो, असे प्रश्न विद्यार्थिनीच घेऊन येत. सिद्धांत मागाहून येत. विद्वान प्राध्यापकांना ही पद्धति आरंभीं अडचणीची वाटली असल्यास नवल नाहीं, कारण वर्गांतील निम्मी माहिती फळ्याच्या समोरच्या बाजूस बसलेली होती. इंग्रजीच्या तासाला त्यांना आपल्या कामाविषयीं, कारखान्यांतील पहिल्या दिवसाविषयीं, संपाविषयीं लिहावयास सांगत. त्यांचें लेखन शाळेच्या नियतकालिकांत छापून येई, आणि १९३६ सालीं अशा आत्मकथनांचा एक संग्रहही प्रसिद्ध झाला. येथें गुण नव्हते, पदवी नव्हती, प्रमाणपत्राच्या बळावर पगार वाढण्याची आशा नव्हती.

पाहुणी म्हणून आलेली व्यक्ति यजमानाच्या स्वयंपाकघरांत डोकावत नाहीं. ह्या विद्यार्थिनी डोकावल्या. पहिल्याच उन्हाळ्यांत त्यांनीं विचारलें कीं, आम्हांला वर्गांत आठ तासांच्या दिवसाचें महत्त्व शिकवितां, मग आमच्या खोल्या झाडणाऱ्या आणि आम्हांला जेवण वाढणाऱ्या कृष्णवर्णीय नोकर स्त्रिया दिवसांतून किती तास राबतात? प्रश्न बिनतोड होता. महाविद्यालयाला तो गैरसोयीचाही होता. त्यांतूनच दुसरा प्रश्न आला. कृष्णवर्णीय स्त्रिया येथें झाडतात, मग शिकत कां नाहींत? विद्यार्थिनींनीं त्याचा पाठपुरावा केला, आणि १९२६ सालीं पांच कृष्णवर्णीय कामकरी स्त्रिया शाळेंत दाखल झाल्या. इतरांच्या बरोबरीनें त्या तेथें राहिल्या व शिकल्या. खुद्द महाविद्यालयाची पहिली कृष्णवर्णीय पदवीधर १९३१ सालीं बाहेर पडली, आणि तिला शिक्षणाच्या काळांत वसतिगृहांत जागा मिळालेली नव्हती. ती आवाराबाहेर राहून शिकली. एकाच आवारांत हिवाळ्याचा नियम एक आणि उन्हाळ्याचा दुसरा, अशी ही स्थिति होती.

आठ आठवड्यांनीं आयुष्य किती बदलणार, असें कोणी विचारील. बहुतेक जणी आपापल्या यंत्रांकडे परत गेल्या. कांहींनीं संघाचें काम हातीं घेतलें. त्यांत युक्रेनमध्यें जन्मलेली आणि १९१३ सालीं अमेरिकेंत आलेली शिवणकामगार रोज पेसोटा हिचें नांव ठळक आहे. ती १९२२ च्या उन्हाळ्यांत ब्रिन मॉरला होती. बारा वर्षांनीं, १९३४ सालीं, ती स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या राष्ट्रव्यापी संघाची उपाध्यक्षा झाली. त्या संघांत कामगार बहुसंख्य स्त्रिया आणि पुढारी बहुसंख्य पुरुष, हें लक्षांत घेतलें म्हणजे तिच्या पदाचें मोल कळतें. तिचें यश शाळेच्या खात्यावर जमा करणें योग्य होणार नाहीं. ती तेथें येण्यापूर्वींच संघाची कार्यकर्ती होती.

ब्रिन मॉरच्या पाठोपाठ विस्कॉन्सिन, बर्नार्ड अशा ठिकाणीं व दक्षिणेकडील राज्यांतही असे वर्ग निघाले. मग १९२९ ची मंदी आली. तिच्या तिसऱ्या वर्षीं विद्यार्थिनींनीं एमी ह्यूज यांच्या मदतीनें पुन्हां आपल्याच स्थितीची पाहणी केली. ती पुस्तिका १९३३ सालीं सरकारनें प्रसिद्ध केली. तिचा विषय काम नसलेल्या, किंवा अर्धवट काम असलेल्या कामकरी स्त्रियांची स्थिति हा होता. त्याच वर्षीं स्मिथबाई सरकारी काम पत्करून वॉशिंग्टनला गेल्या आणि बेकार स्त्रियांसाठीं निवासी शिबिरें चालविण्याच्या खटपटीला लागल्या.

शाळेवरचें संकट १९३४ च्या उन्हाळ्यांत आलें. न्यू जर्सी राज्यांत सीब्रुक नांवाच्या मोठ्या शेतीच्या कारखान्यांत शेतमजुरांचा संप चालू होता. शाळेंतील दोघे शिक्षक तो पाहावयास गेले. शाळा संपांत सामील झाली, असा बोभाटा झाला. संपांत भाग घ्यावयाचा नाहीं असा शाळेचा महाविद्यालयाशीं करार होता. पाहणें म्हणजे भाग घेणें काय, हा वादाचा मुद्दा होता. पण विश्वस्तांना आणि देणगीदारांना त्या सूक्ष्म भेदांत गोडी नव्हती. १९३५ सालीं शाळेला आवार मिळालें नाहीं. तो उन्हाळा तिनें दुसरीकडे काढला. १९३६ सालीं ती परत आली खरी, पण पूर्वींचा विश्वास राहिला नव्हता, आणि १९३८ चा उन्हाळा ब्रिन मॉरमधील शेवटचा ठरला. सतरा-अठरा वर्षांत सुमारे १,७०० स्त्रिया तेथें शिकून गेल्या होत्या. १९३९ सालीं हडसन नदीच्या कांठीं वेस्ट पार्क येथील स्मिथबाईंच्या वडिलोपार्जित घरांत नव्या नांवानें शाळा उभी राहिली आणि तिचें दार पुरुष कामगारांनाही उघडलें.

मंदीच्या काळांत विद्यार्थिनींचे खेळ व करमणूक पाहणाऱ्या एक तरुण शिक्षिका तेथें होत्या, एस्थर पीटरसन. १९६१ सालीं त्या केनेडी सरकारांत मजूर खात्याच्या उपमंत्रिपदाच्या दर्जाच्या अधिकारी झाल्या, आणि समान कामाला स्त्री-पुरुषांस समान वेतन देणारा १९६३ चा कायदा मंजूर करून घेण्यांत त्यांचा मोठा वांटा होता.

१९८४ सालीं जुन्या विद्यार्थिनी आणि शिक्षक ब्रिन मॉरला पुन्हां एकत्र जमले. आतां त्या आजीबाई झाल्या होत्या. त्याच करड्या इमारतींच्या ओवऱ्यांत बसून त्यांनीं आपल्या आठवणी सांगितल्या, आणि त्यांवरून एक बोलपटही तयार झाला. त्यांच्या संचालिका स्मिथबाई मात्र त्या मेळाव्याला नव्हत्या; त्याच वर्षाच्या आरंभीं, पंचाण्णव वर्षांच्या वयांत, त्यांचें निधन झालें होतें.