बिंदु-प्रकाशमापक

छायाचित्रणात दृश्याच्या लहानशा भागाची तेजस्विता दुरून मोजण्याचे, हातात धरून वापरावयाचे उपकरण. दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र १९१३ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा विजेवर चालणारे प्रकाशमापक प्रचारात नव्हते. उद्‌भासन मुख्यतः अनुभवाने ठरवीत. १९३२ मध्ये अमेरिकेतील वेस्टन कंपनीने सिलिनियम घटाचा मापक आणला. असे मापक विस्तृत भागाची सरासरी दाखवीत. त्यामुळे ओसरीतील व्यक्तीमागे उन्हाचे अंगण असल्यास चेहरा काळवंडे. कृष्णधवल फिल्मवर छायेतील जो तपशील उमटत नाही, तो पुढे कोणत्याही प्रक्रियेने मिळत नाही. म्हणून १९४० च्या सुमारास अँसल अ‍ॅडम्स व फ्रेड आर्चर यांनी मांडलेल्या ‘झोन’ पद्धतीत छाया व उजळ भाग स्वतंत्रपणे मोजण्यास महत्त्व आले. पुण्यात १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि छायालेखनाला पद्धतशीर शिक्षणाची जोड मिळाली.

निवड करताना मापनकोन प्रथम पाहावा. १० मी. अंतरावर ३०° चा मापक सु. ५·४ मी., तर १° चा केवळ सु. १७ सेंमी. व्यासाचा भाग मोजतो. कॅडमियम सल्फाइडाचा घट प्रखर प्रकाशानंतर काही काळ मंद प्रतिसाद देतो. सिलिकॉनाचा घट शीघ्र असतो. मापक प्रत्येक पृष्ठभाग मध्यम करडा मानतो. म्हणून तपशील हव्या असलेल्या छायेच्या वाचनापेक्षा उद्‌भासन सामान्यतः दोन टप्पे कमी ठेवतात. हा निर्णय मात्र छायाचित्रकाराचाच असतो.