'महल'मधली भुताटकी आली कुठून? गॉथिक शैली आणि आपला पहिला गाजलेला भयपट

टोकदार कमानी, उंचच उंच छत, अरुंद जिने. ही गॉथिक बांधकामाची ओळख. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये ही शैली सुरू झाली, ती चर्चसाठी. पुढे युरोपातल्या भयकथांनी पडके गॉथिक वाडे आणि किल्ले भुतांना बहाल केले आणि सिनेमाने तेच उचलले. १९२०च्या जर्मन 'कॅलिगरी'त तर वाकडीतिकडी घरे आणि त्यांच्या सावल्याही चक्क पडद्यांवर रंगवल्या होत्या. १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये चार्ल्स हॉल यांनी दगडी मनोऱ्यात प्रयोगशाळा उभी केली.

मुंबईत मात्र पंचाईत होती. इथे गॉथिक म्हणजे व्हीटी स्टेशन, हायकोर्ट, राजाबाई टॉवर! रोज लोकल पकडणारा माणूस टोकदार कमानीला कशाला घाबरेल?

उत्तर मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये सापडते. १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी उभारलेल्या या स्टुडिओत म्युनिकहून आलेले तंत्रज्ञ होते. सेटचे काम कार्ल फॉन श्प्रेती पाहत. (हेच पुढे ग्वाटेमालात जर्मन राजदूत झाले आणि १९७०मध्ये अपहरणानंतर मारले गेले.) कॅमेरा योसेफ विर्शिंग यांच्याकडे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून ब्रिटिशांनी विर्शिंगना छावणीत डांबले. सुटल्यावर ते परत कॅमेऱ्यामागे उभे राहिले आणि १९४९मध्ये कमाल अमरोहींचा 'महल' आला.

'महल'ची गोष्ट अस्सल गॉथिक आहे: ओसाड वास्तू, जुने प्रेम, नायकासारखाच दिसणारा चित्रातला माणूस. वास्तू मात्र युरोपी किल्ला नाही, यमुनेकाठची हवेली आहे. भीती कमानीतून येत नाही. ती येते अर्ध्या अंधारातून. झुंबर, झोपाळा, रात्री दोनचे टोले आणि मधुबालाच्या चेहऱ्यावर पडणारा तेवढाच उजेड. जर्मनांनी पडद्यावर रंगवलेली सावली इथे विर्शिंगनी दिव्यांनी पाडली. माझ्या मते आपल्याकडे गॉथिकचा खरा वारसा हा आहे, दगडाचा नाही.

गंमत म्हणजे (सिनेमा पाहिला नसेल तर पुढचे वाक्य सोडा) 'महल'मध्ये भूत नाहीच, ती माळ्याची मुलगी आहे. तरीही 'आएगा आनेवाला' सुरू झाले की अंगावर काटा येतोच. रामसे बंधूंच्या हवेल्यांमध्ये खरी भुते शिरली ती फार नंतर.