दत्तक, आंतरराष्ट्रीय : मोठ्या वयाचे मूल व कुटुंबाची पूर्वतयारी

एका देशातील मूल दुसऱ्या देशातील कुटुंबाने कायद्याने आपले अपत्य म्हणून स्वीकारणे, यास आंतरराष्ट्रीय दत्तक म्हणतात. वंशसातत्य व पिंडदान यांसाठी पुत्र घेण्याच्या परंपरागत हिंदू दत्तकविधानाहून या पद्धतीचा उद्देश भिन्न आहे. निदान तत्त्वतः तरी तीत मुलाला घर मिळवून देण्याचा हेतू प्रधान असतो. दत्तक जाणारे मूल तान्हे नसून सहा, आठ किंवा बारा वर्षांचे असेल, तर त्याला स्वतःची भाषा, नाव, आठवणी आणि पुष्कळदा हयात नातलगही असतात. ही गोष्ट लक्षात घेऊन कुटुंबाची तयारी करून घेण्याची प्रथा मात्र फार उशिरा रूढ झाली.

या पद्धतीचा मोठा विस्तार कोरियन युद्धानंतर (१९५०–५३) झाला. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील हॅरी व बर्था होल्ट या शेतकरी दांपत्याने १९५५ मध्ये काँग्रेसकडून खास कायदा संमत करवून आठ कोरियन मुले दत्तक घेतली आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी संस्था काढली. प्रारंभी अनेक दत्तके प्रतिनिधीमार्फत होत असत. पालक अमेरिकेतच राहत, त्यांच्या वतीने कोरियात विधी पूर्ण होई आणि मूल विमानतळावर प्रथमच दृष्टीस पडे. कुटुंबाची चौकशी अशा व्यवहारात जुजबीच राही. समाजकार्याच्या क्षेत्रातील संस्थांनी तीवर कडक टीका केली. १९६१ च्या अमेरिकन कायद्याने परदेशी अनाथ मुलांच्या प्रवेशाची कायम तरतूद केली आणि प्रतिनिधी-दत्तकाला आळा घातला.

मुलाच्या बाजूने कागदपत्रांचा प्रश्न याहून गंभीर होता. कोरियात व्यक्तीची ओळख कुटुंबाच्या नोंदवहीत असे. दत्तक जाणाऱ्या मुलासाठी त्या एकट्याचीच स्वतंत्र नोंद उघडली, की आईवडील हयात असूनही ते कागदोपत्री अनाथ ठरे. तान्ह्या मुलाला याचा पत्ता लागत नसे. पण मोठ्या मुलाला आपली आई आठवत असे आणि नव्या घरी त्याच्या सांगण्यापेक्षा कागदावर विश्वास ठेवला जाई. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये ३६७ तक्रारींपैकी ५६ प्रकरणांत मानवी हक्कांचा भंग झाल्याचे मान्य केले आणि बनावट नोंदींबद्दल शासनाला जबाबदार धरले.

मूल नव्या देशात लवकर ‘रुळते’ असा जो समज पूर्वी होता, त्याची किंमत भाषेच्या बाबतीत स्पष्ट दिसते. पॅल्ये व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये फ्रान्समधील प्रौढ कोरियन दत्तकांवरील संशोधन प्रसिद्ध केले. वयाच्या तिसऱ्या ते आठव्या वर्षांदरम्यान फ्रान्समध्ये आलेल्या या व्यक्तींना कोरियन वाक्ये इतर अपरिचित भाषांतील वाक्यांपासून वेगळी ओळखता आली नाहीत. आठ वर्षे वयापर्यंत बोललेली मातृभाषाही अशी पुसली जाऊ शकते. म्हणून मूल येण्यापूर्वीच त्याच्या भाषेतील निदान रोजची वाक्ये (भूक, दुखणे, भीती यांविषयीची) शिकावीत आणि शक्य तर ती भाषा बोलणारी माणसे शोधून ठेवावीत, असे कुटुंबांना आता सांगितले जाते. जुने नाव बदलण्याची घाई न करण्याचा सल्लाही याच विचारातून आला आहे.

रूमानियात १९८९ मध्ये चाउशेस्कू राजवट कोसळल्यावर तेथील अनाथालयांची दुरवस्था जगापुढे आली आणि हजारो मुले परदेशी गेली. ब्रिटनमध्ये आलेल्या मुलांचा मायकेल रटर यांनी दीर्घकाल अभ्यास केला. सहा महिन्यांहून अधिक काळ संस्थेत काढलेल्या मुलांपैकी अनेकांत वर्तनाच्या व आसक्तीच्या अडचणी पुढेही टिकल्या, पण काही मुले आश्चर्यकारक रीतीने सावरली. केवळ प्रेम पुरेसे आहे, या पालकांच्या श्रद्धेला त्यामुळे धक्का बसला. २०१० मध्ये तर अमेरिकेतील एका कुटुंबाने सात वर्षांच्या रशियन मुलाला पत्रासह एकट्यालाच विमानाने मॉस्कोला परत धाडले.

द हेग येथे २९ मे १९९३ रोजी झालेल्या करारात या अनुभवांचा काही अंश उतरला. मुलाचे वय व समज लक्षात घेऊन त्याला दत्तकाचे परिणाम समजावून सांगावेत, त्याच्या इच्छेचा विचार व्हावा आणि जेथे त्याची संमती आवश्यक असेल तेथे ती मोबदल्याविना, लेखी घ्यावी, असे कलम ४ सांगते. त्याच्या जन्मकुळाविषयीची माहिती जतन करण्याचे बंधन कलम ३० मध्ये आहे. अमेरिकेत हा करार २००८ पासून अमलात असून तेथील नियमांनुसार पालकांना किमान १० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. दहा तास ही मर्यादा तोकडीच म्हणावी लागेल. याशिवाय समाजकार्यकर्ता घरी येऊन उत्पन्न, आरोग्य, शेजार व घरातील इतर मुले यांविषयी अहवाल तयार करतो. वयाची अटही जाचक आहे : साधारणतः अर्ज मुलाच्या सोळाव्या वाढदिवसापूर्वी दाखल करावा लागतो, धाकटे भावंड त्याच घरी गेले असेल, तर ही मर्यादा अठरा वर्षे आहे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात परदेशी दत्तकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मूल शक्यतो तीन वर्षांचे होण्यापूर्वी जावे, सात वर्षांवरील मुलाची इच्छा मात्र जाणून घ्यावी, असे न्यायालयाने सुचवले. २०१५ च्या बालन्याय अधिनियमात मुलाच्या इच्छेचा त्याच्या वयानुरूप विचार करण्याची तरतूद आहे. त्याच कायद्यात पाच वर्षांवरील मुले, भावंडे व अपंग मुले यांना आंतरराष्ट्रीय दत्तकात प्राधान्य देण्यास मुभा आहे. देशातील बहुतेक इच्छुक कुटुंबांना तान्हे मूलच हवे असते, हे यामागील वास्तव होय.

अमेरिकेत २००४ मध्ये परदेशांतून सु. २३,००० मुले दत्तक आली होती. त्यानंतर हा ओघ झपाट्याने आटला. रशियाने २०१३ पासून अमेरिकन कुटुंबांना बंदी केली, इथिओपियाने २०१८ मध्ये आणि चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये, निकटच्या नातलगांचा अपवाद वगळता, ही पद्धत बंद केली. चीनच्या निर्णयाने कित्येक अमेरिकन कुटुंबांची निश्चित झालेली दत्तके अडकून पडली. २०२० च्या साथीपासून ही कुटुंबे वाट पाहत होती. त्यांच्यासाठी निवडलेली मुले या चार वर्षांत वयाने वाढली होती आणि त्यांपैकी काहींना आपल्याला नेण्यासाठी कोणी येणार आहे, हे सांगितलेले होते.