थुंकीचे तीन नमुने

1883 साली आनंदीबाई जोशी कोलकात्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या. त्यांचे पती गोपाळराव मागाहून पोचले. समुद्र ओलांडला म्हणून इथले लोक नावे ठेवत होते. पण क्षय आहे म्हणून माणसाला परत धाडायचा कायदा तेव्हा अमेरिकेत नव्हता. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवून जेमतेम वर्ष झाले होते. डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई 1887 मध्ये पुण्यात वारल्या, त्या क्षयानेच. वय 21.

दार बंद झाले ते त्यानंतर. 1891 च्या कायद्याने घातक सांसर्गिक रोग असलेल्यांना मज्जाव केला, 1907 च्या कायद्याने त्यात क्षयाचे नावच घातले. एलिस बेटावर जिना चढताना कोणाला धाप लागते, याकडे डॉक्टरांचे लक्ष असे. संशय आला की कोटावर खडूने खूण. नाकारलेल्याला परत नेण्याचा खर्च बोट कंपनीच्या माथी. नवरा आत आणि बायको परतीच्या बोटीवर, असे घडू शकत होते.

1924 पासून परवानगी वकिलातीतूनच काढून निघायची झाली आणि तपासणीही हळूहळू बंदरावरून माणसाच्या मायदेशी सरकली. पुढे क्षयावर औषधे आली. 1956 साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या प्रयोगाने तर जगाची समजूतच बदलली: घरी राहून गोळ्या घेणारा रुग्ण सॅनिटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो आणि घरच्यांचा धोकाही त्यामुळे वाढत नाही. डोळ्यांदेखत गोळी गिळायला लावण्याची पद्धतही मद्रासच्याच कामातून घडली. क्षय निघालेल्यांसाठी तीच आज अमेरिकेच्या व्हिसाची अट आहे!

आता न्यू जर्सीतल्या नवऱ्याकडे निघालेल्या पुण्याच्या मुलीचे काय होते ते पाहा. वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडे छातीचा एक्स-रे निघतो. त्यात डाग दिसला की थुंकीचे तीन नमुने, लागोपाठ तीन दिवस सकाळी. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले नाहीत की काम भागे. 2007 च्या नियमांनी कल्चर, म्हणजे थुंकीतला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे, सक्तीचे केले. क्षयाचा जंतू भलताच सावकाश वाढतो, म्हणून निकालाला सहा ते आठ आठवडे. डाग जुन्या, बऱ्या झालेल्या आजाराचा असला तरी ही वाट पाहावीच लागते. रोग निघालाच, तर साधारण सहा महिने देखरेखीखाली औषध आणि शेवटी पुन्हा थुंकी.

घरात याला ‘व्हिसा अडकला’ म्हणतात. 1907 शी ताडून पाहिले तर तो फक्त लांबला आहे, आणि हा फरक लहान नाही. नागरिकाच्या जोडीदाराला विशेष सवलत मागण्याची सोयही कायद्यात आहे. मात्र एक्स-रेत क्षयाचा डाग निघालेल्या प्रकरणांत तपासणीचा दाखला तीनच महिने चालतो. तेवढ्यात मुलाखत, शिक्का आणि विमान जमले नाही, तर तपासणीचा फेरा पुन्हा सुरू होतो.