पाण्यावर रेघ ओढणारे कोण?

१९५४ साली बाबासाहेबांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, तेव्हा बावनथडी नदीचे दोन्ही काठ मध्य प्रदेशातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा मुंबई राज्यात आला, बालाघाट तिकडेच राहिला. चिखल्याच्या मँगनीज पट्ट्याजवळची ही नदी सीमा बनली. पुढे दोन्ही राज्यांनी करार करून तिच्यावर धरण बांधले आणि राजीव सागराचे पाणी वाटून घेतले.

सरोवरांवरच्या रेघा अशाच ओढल्या जातात. आफ्रिकेतील न्यासा सरोवराची सीमा १८९० मध्ये ब्रिटन आणि जर्मनीने ठरवली. आज टांझानिया मध्यरेषा मागतो, मलावी पूर्व किनाराच सीमा मानतो. काठावरच्या कोळ्यांना मात्र कुणी विचारले नव्हते.

मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी प्रांतांच्या हद्दींपलीकडे जाऊन नदीच्या संपूर्ण खोऱ्याचा विचार केला. दामोदर खोरे योजना त्याची साक्ष आहे. आम्ही विचारतो : राज्यांनी आपापला हिस्सा मोजला, पण बावनथडीत ज्यांची गावे बुडाली त्या आदिवासींचा हिस्सा कुठल्या करारात आहे? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हाच सवाल होता. पाणी कुणाचे, हे ठरवणारे तुम्ही कोण?