सनद आणि उमेदवारी

वांद्र्याच्या फौजदारी न्यायालयाच्या दारात एखादी आई मुलाच्या जामिनाचे कागद वकिलाच्या हाती ठेवते, तेव्हा ती त्याचा काळा कोट तेवढा पाहते. तो कोणाच्या हाताखाली तयार झाला, हे तिला कसे कळावे? ते पाहणे कायद्याचे काम. मुंबईत ते कसे पाहिले गेले, याचा इतिहास आम्ही थोडक्यात सांगणार आहोत.

१८६२ मध्ये उच्च न्यायालय स्थापन झाले. त्याच्या मूळ शाखेत वकिलीचे दोन भाग असत. सॉलिसिटरने पक्षकाराचे म्हणणे ऐकावे, दस्तऐवज तपासावेत, प्रकरण सिद्ध करावे. ॲडव्होकेटने ते न्यायाधीशांपुढे मांडावे. सॉलिसिटर होऊ इच्छिणाऱ्यास अनुभवी सॉलिसिटरकडे आर्टिकल्ड क्लार्क म्हणून उमेदवारी करून मग परीक्षा द्यावी लागे. बॅरिस्टरवर असे बंधन नव्हते. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतलेले मोहनदास गांधी मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच दाव्यात उभे राहिले, आणि उलटतपासणीचा एक प्रश्नही न सुचून खाली बसले. बुद्धी उणी नव्हती. उमेदवारी उणी होती.

१ जानेवारी १९७७ पासून सॉलिसिटरांचा वेगळा वर्ग कायद्याने संपला. मुंबईतील सॉलिसिटरची परीक्षा पुढे चालू राहिली, पण ऐच्छिक म्हणून. सर्व वकिलांसाठी १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात सनदेपूर्वी प्रशिक्षण व परीक्षा यांची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती गळली. १९९५ मध्ये भारतीय वकील परिषदेने एक वर्षाची उमेदवारी पुन्हा आणली. परिषदेस तसा अधिकार नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ती रद्द केली. २०१० मध्ये परिषदेने अखिल भारतीय परीक्षा ठरविली. २०२३ मध्ये घटनापीठाने ती वैध मानली, आणि १९९९ च्या निकालाने परिषदेच्या अधिकाराला घातलेला अडसरही काढला.

तरीही परीक्षा आली, उमेदवारी आली नाही. उमेदवारीने गरिबाच्या मुलाची वाट अडते, हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. घरी दुसरी मिळकत नसेल, तर बिनपगारी वर्ष काढावे कसे? आणि ज्याच्या ओळखीचा एकही वकील नाही, त्याला हाताखाली घेणार कोण? पण याला उपाय वेतनाचा आणि जागा मिळवून देण्याचा आहे, शिक्षणच सोडून देण्याचा नव्हे. शिकाऊ डॉक्टरला आपण रुग्णाजवळ एकटे सोडीत नाही. नवा वकीलही कोठेतरी शिकणारच. ते गुरूच्या देखरेखीखाली व्हावे, की त्या आईच्या मुलाच्या जामिनावर, एवढाच प्रश्न आहे.